कर्मचारी क्रमांक टाका

मे महिन्यात साहेब म्हणाले, नकाशा काढा.
पाइपांचा नाही, माणसांचा.
कुणाला काय येतं, अडलं की कोण कुणाला विचारतं.
सव्वीस जण तीन वर्षांत निवृत्त होतायत,
त्यांच्या डोक्यातलं भिंतीवर आलं पाहिजे.

आस्थापना शाखेत कूलर एकच, तोही माझ्याकडे पाठ करून.
जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या बाजूला
मी शिसपेन्सिलीनं गोल काढत गेले.
डोंगरवारबाई : प्रत्येक फाइल कुठल्या कपाटात,
आणि त्या कपाटाची किल्ली कुठल्या डब्यात.
अस्लम मिस्त्री : पंपाचं बेअरिंग. हात ठेवून ताप सांगतो.
पौर्णिमा गजभिये : क्लोरीन,
शिवाय नगरसेवकाला गोड बोलून नाही कसं म्हणायचं.
गोलातून गोलात रेघ, रेघेला बाण.
दुपारपर्यंत सगळे बाण
कागदाच्या उजव्या कोपऱ्याकडे ओघळले,
मोरीकडे पाणी जातं तसे,
आणि त्या कोपऱ्यात मी काहीच काढलं नव्हतं.

कवडू बारापात्रे. चावीवाला. कंत्राटी.
एजन्सी तीनदा बदलली, तो तोच.

गांधीबागेत सापडला, खड्ड्यापाशी उकिडवा,
सळईचं एक टोक पाइपावर, दुसरं कानाला.
लीकेज आहे का, मी विचारलं.
"थांबा नं मॅडम. सांगून रायलं ते."

मग सांगत गेला, बिडी विझेपर्यंत :
इतवारीतला मोठा व्हॉल्व्ह उलटा फिरतो,
बसवणाऱ्याची चूक, कागदावर सुलटा आहे.
महालातला डांबराखाली गेला,
पानठेल्यापासून सात पावलं.
ठेला हलला, तेव्हापासून कडुलिंबाकडून अकरा.
सक्करदऱ्यात आटे साडेतीनच द्यायचे,
चौथा दिला की शेवटचं घर कोरडं.
"तिथं बाळंतीण हाय. सध्या."

सध्या हा शब्द कुठल्या रकान्यात भरायचा?

संगणकावर रंग फार देखणे आले.
निळे गोल, केशरी गोल, माऊस नेला की नाव उमलायचं.
कवडूपाशी अडलं.
कर्मचारी क्रमांक टाका.
क्रमांक नाही.
क्रमांकाशिवाय पुढे जाता येणार नाही.
जागा रिकामी सोडली की बाण गळून पडायचे,
आणि सव्वीस माणसं
एकमेकांना न ओळखल्यासारखी पडद्यावर तरंगायची.
पावणेसहाला, शिपाई पंखे बंद करत येत असताना,
मी माझा क्रमांक टाकला.

साहेब खूश. पाहुण्यांना दाखवलं, प्रिंट काढून फ्रेम केली.
सगळ्यात मोठा गोल माझा.
डोंगरवारबाईंनी चष्म्यावरून बघितलं
आणि परत फाइलीत डोकं घातलं.

परवा रात्री दोनला फोन.
नवा इंजिनिअर पोरगा, मागे धो धो आवाज.
"मॅडम, इतवारीत लाइन फुटली, चावी जाम आहे.
नकाशात तुमचं नाव दाखवतंय."
"उलटी फिरव," म्हटलं.
तेवढंच येत होतं मला.
पुढचं त्यानं विचारायच्या आत फोन ठेवला, कवडूला लावला.
वाजत राहिला.
गाऊनवर ओढणी टाकून स्कूटी काढली.
रात्रीसुद्धा रस्ता तव्यासारखा,
तांडापेठेत कुत्री तेवढी जागी.

दार उघडं. अंगणात नळापाशी त्याची बायको, भागरता,
तोटीला कान लावून.
"ते तं कवाचेच गेले," ती म्हणाली.
"झोपेतून उठले, म्हणे शीळ बदलली नळाची.
फोन इथंच रायला."

मी म्हटलं, तुम्ही काय करताय मग?

तिनं बोट ओठांवर ठेवलं.
बराच वेळ.
"आता बंद झाली," म्हणाली. "भेटली त्याइले चावी.
मले बी आयकू येते आता. थोडं थोडं."

पर्स चाचपली.
पेन्सिल ऑफिसात राहिली होती.