मुकादमाचं घड्याळ

मानवतच्या जिनिंगात, सरकीच्या ढिगापाशी
गयाबाई कोसळली.
कुणी चप्पल हुंगवायला धावलं, कुणी कांदा फोडला.
"येतंय तिला असं," मुकादम म्हणाला, "थांबंल."

थांबायचं खरं. दोन मिनिटांत.

मी तिला कुशीवर वळवलं,
कुणाला तिचे हात धरू दिले नाहीत;
मुकादमाचं मनगट तेवढं धरून ठेवलं, घड्याळासाठी.

चार.
तिच्या भुवईवरची रुई अजून थरथरतेय.
पाच.

चंचीत सुपारी, कात, चुन्याची डबी,
सगळ्यात खाली
डॉक्टरीणबाईंनी दिलेला नाकातला फवारा.
मारला.
एकशेआठला सांगितलं:
फिट आलीय असं नाही,
फिट थांबत नाहीय.

गाडी परभणीच्या रस्त्याला लागली
तेव्हा मुकादमानं विचारलं, किती झाली?

"अकरा."

त्याच्या मनगटावर माझी नखं उमटली होती.