नऊ स्टुलं

तिरुनेलवेलीत, देवळाकडून येणाऱ्या रस्त्यावर
आमचं तीन मजली दुकान. रेशमाचा मजला दुसरा.
तिथं सगळं बसतं.
गिऱ्हाईक बसतं पांढऱ्या गादीवर, लोडाला टेकून,
वरमाय बसते, तिची नणंद बसते फुगून,
पदराची घडी बसते, किमतीचं गणित बसतं,
दुपारी तीनला अण्णाच्ची गल्ल्यावर
बसल्या बसल्या पेंगतात.
आम्ही चौदाजणी उभ्या.

सकाळी साडेनऊ ते रात्री नऊ.
खांबाला पाठ लागली की छतातला भोंगा बोलायचा:
अकरा नंबर, खांब पडतोय का?
खांब पडायचा नाही. पगारातले वीस रुपये पडायचे.

अकरा नंबर म्हणजे पेच्चियम्मा.
एकोणीस वर्षं, याच दोन फरश्यांवर.
तिच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा अशा उठल्यात
की मी एकदा म्हणाले, अक्का, हे काम कुणी साडीवर केलं असतं
तर अण्णाच्चींनी लाखाला विकलं असतं.
हसली. मग म्हणाली,
पाणी कमी पीत जा. संडास खाली आहे,
आणि जिना त्यांच्या कॅमेऱ्यात.

माझी आई गावात सांगते,
पोरगी स्वतःच्या पायावर उभी आहे.
खरंच सांगते.

मग चेन्नईत कायदा झाला.
गोदामातल्या सुडलैमणीनं पेपर वाचून दाखवला:
काम करता करता बसण्याची संधी मिळेल तेव्हा
बसता यावं, अशी सोय मालकानं करायची.
‘संधी’पाशी तो अडखळला, परत वाचलं.
आम्ही एकमेकींकडे पाहिलं,
उभ्यानंच.

पंधरा दिवसांनी टेम्पोतून लाल प्लास्टिकची नऊ स्टुलं आली.
चौदाजणींना नऊ का, कुणी विचारलं नाही.
जिन्याखाली ठेवली, एकात एक,
प्रत्येकाच्या अंगावर पिशवी तशीच.
इन्स्पेक्टर आला त्या दिवशी ओळीनं मांडली.
त्यातल्या एकावर तो बसला. कॉफी प्याला.
वहीत लिहिलं, सोय आहे.
तो गेला, आणि स्टुलं परत जिन्याखाली
एकमेकांच्या मांडीवर.

मार्गळीत लग्नं नसतात.
अशाच एका रिकाम्या दुपारी पेच्चियम्मा खाली गेली
आणि स्टूल घेऊन वर आली.
पिशवी फाडली. तसला आवाज
रेशमाच्या मजल्यावर कधी झाला नव्हता.
स्टूल खांबाशी ठेवलं. बसली.
बसली म्हणजे, आधी नुसती टेकली, थांबली,
मग कॅमेऱ्याकडे बघत उरलेली बसली.

भोंगा खरखरला.
आम्ही तेराजणी घातलेल्याच घड्या घालायला लागलो.
भोंग्यातून कुणाचा तरी श्वास ऐकू आला.
मग तोही बंद झाला.

सात मिनिटं बसली.
मोजायला तर आम्हाला दुकानानंच शिकवलंय.
तेवढ्यात एक बाई आल्या, बारशाला नेसायला
काहीतरी हलकं हवं होतं,
तिला बघून दारातच थबकल्या:
अगं, बरं वाटत नाहीये का?

बरं आहे की, अकरा नंबर म्हणाली.
बसलेय.

त्यावर काय बोलावं, बाईंना सुचेना.
समोरची साडी त्यांनी स्वतःच उलगडली,
आणि घडी घालता येईना तेव्हा
आमच्याकडे बघून ओशाळल्या.

महिनाअखेरी पाकिटातले वीस रुपये जागेवर होते.
पेच्चियम्मानं तीनदा मोजले.

मी अजून बसले नाही.
गुडघ्यांना सांगितलंय, कायदा झालाय.
त्यांचा विश्वास बसत नाही.
काल तेवढी जिन्याखाली जाऊन आले.
आठ आहेत अजून.
सगळ्यांत वरच्याच्या पिशवीला
नखाएवढं भोक पडलंय.
मी नाही पाडलं.