बोटानं मोजताना

मार्च सरत आला की हेडाऊ काका विचारतात,
"बाई, किती लोकं येऊन राह्यले आपल्या साइटवर?
अहवालात आकडा टाका लागते ना जी."
पहिल्या पानाखालचा काउंटर म्हणतो,
एकेचाळीस हजार दोनशे सहा.
काकांना तो आवडतो.

तांडापेठेतली ही खोली, इथे आधी माग होता.
बुजवलेल्या खड्ड्यावर माझं टेबल.
कूलर थंड कमी करतो, बोलतो जास्त.
मी सर्व्हरच्या नोंदी उघडते.
बारा महिने, सव्वाआठ लाख ओळी.
कुठून, केव्हा, काय मागितलं, काय मिळालं.
नाव कुणाचंच नाही.

बाबा म्हणायचे, सूत डोळ्यानं मोजू नये,
डोळ्याला घाई असते. बोटानं मोजावं.

तर बोटानं.
'धोटा' हे पान एकानं उघडलं
की मागून चौदा फोटो येतात, एक रंगांची फाइल येते.
ओळी सोळा, माणूस एक.
मग यंत्रं. सभ्य असतात ती दारातली पाटी वाचून आत येतात,
बाकीची जुन्या ब्राउझरचं सोंग घेऊन
अख्खा शब्दकोश एका सेकंदात चाटून जातात.
फणी फिरवत राहते, गाठी निघत राहतात.
मग मी स्वतः. नऊशे बारा वेळा.
ऱ्हस्व-दीर्घ बघायला.

एक पाहुणा रोज पहाटे तीन दहाला यायचा.
फक्त 'कांडी' वाचायचा. वर्षभर खाडा नाही.
दोन दिवस मी त्याची बाई करून टाकली,
सुरतेला गेलेली, झोप न येणारी,
लहानपणी कांड्या भरून बोटं सोललेली.
तिसऱ्या दिवशी ओळीचं शेपूट नीट वाचलं.
पलाश धकातेनं लावलेली तपासणी होती,
सर्व्हर जिवंत आहे का, एवढंच विचारणारी.
तीनशे पासष्ट ओळी काढल्या. जड गेलं थोडं.

आणि जे मोजताच येत नाहीत?
हनुमाननगरच्या वसतिगृहातली तीस मुलं
एकाच पत्त्यामागे बसतात, मी एक धरते.
एक जण इतवारीहून बर्डीला जाताना
बसमध्ये तीन पत्ते बदलतो, मी तीन धरते.
कुणी पान साठवून घेतलं,
गावी, नेट नसताना, आईला वाचून दाखवलं.
त्याची ओळ माझ्याकडे येत नाही.

ऑगस्टातली एक दुपार मात्र मी पुन्हा पुन्हा बघते.
कुणीतरी 'ताणा' उघडलं, दोन मिनिटं.
'पावडी', चाळीस सेकंद.
'फणी', आणि मग अकरा मिनिटं काहीच नाही.
दूध उतू गेलं असेल. कुणी दार वाजवलं असेल.
परत 'फणी'.
मग पत्त्याच्या पट्टीत हातानं लिहिलेला एक शब्द:
कुंचा.
चारशे चार. असं पान नाही.
खरंच नव्हतं.
ताण्याला खळ लावायचा कुंचा,
बाबांचा, या दाराच्या मागेच टांगलेला असायचा,
आणि मी तो शब्द घालायचा विसरले होते.
यंत्र असा शब्द कुठून आणेल?

"दोन हजार एकशे अठरा," मी काकांना सांगितलं,
"तीनेकशे इकडेतिकडे."
"एवढेच? अन् ते एकेचाळीस हजार?"
"ते सूत होतं काका. लुगडी एवढीच."
काका बराच वेळ कूलरकडे बघत राहिले.
"अंदाजे लिहू का मग?"
"लिहा. पण तो शब्द बारीक टाइपात नको."

रात्री 'कुंचा'चं पान लिहिलं.
फोटो नव्हता, पेन्सिलीनं काढलेलं चित्र टाकलं.
सकाळी नोंदी उघडल्या.
कुंचा, दोनशे, पान मिळालं. एक ओळ.
मीच ती, रात्री चित्र सरळ लागलं का ते बघायला आलेली.
काढून टाकली.