कोयरी

सोळा एमएमचा प्लाय भिंतीला टेकवून
हे दोन दिवस नुसते बघत बसले.
तीस वर्षं तुर्भ्याला पाइप जोडले,
काटकोन यांच्या हाताला पाठ.
पण हा गोल काही उतरेना.
पुढे फुगीर हवा, मागे निमुळता,
आडव्या पडलेल्या थेंबासारखा.
तिकडे याला अश्रू म्हणतात, म्हणाले.
मी म्हटलं, अश्रू कशाला?
कोयरी आहे ही, पदरावरची.
फक्त शेपटाला मुरड नाही.

मग मीच खाकी कागद पसरला,
सतरा ताव, खळीनं जोडलेले,
दिरांच्या रबाळ्याच्या गाळ्यात, ग्राइंडरच्या भुशावर.
ब्लाउजचा मुंढा काढते तसाच काढला,
खांद्यापासून खाली, हात न उचलता.
फक्त हा मुंढा आठ फुटांचा.
शेजारचे इर्शादभाई वेल्डर डोकावले:
"भाभी, हे कुणाच्या मापाचं?"

दोघांच्या.
आणि खरंच आम्ही त्या कागदावर आडवे झालो.
यांची उंची पाच नऊ, माझी चार अकरा,
गुडघे दुमडले तर किती,
कूस बदलली तर किती.
पोलीस मारतात तशी खडूची रेघ
माझ्याभोवती ओढताना
यांचा हात कानाशी थांबला.
"इथे माया ठेवू का थोडी?"

चाळीस वर्षं माझ्या मशीनचा आवाज ऐकलेला माणूस.
मी म्हटलं, ठेवा. दोन बोटं.

पाटे जुन्या टेम्पोचे, कळव्याच्या भंगारातले.
चाकं दोन जातींची, नट मात्र एकाच मापाचे.
छताचा पातळ प्लाय उकळत्या पाण्यानं शेकून,
ओली चादर गुंडाळून वाकवला
आणि रात्री अकराला तो तडकला.
शेजारच्या गाळ्यातलं कुत्रं उठून बसलं.
हे काही बोलले नाहीत, झाडू घेतला.
सकाळी मी म्हटलं, धागा बघितला होता का आधी?
कापडाला असतं तसं लाकडालाही
उभं-आडवं असतं.
दुसरा ताव फिरवून घेतला.
तो असा वळला, जसा वाटच बघत होता.

गाळ्याचं शटर साडेपाच फुटांवर अडतं.
पाच महिने आम्ही रोज वाकून आत गेलो,
वाकून बाहेर आलो,
डब्यासकट, प्लायसकट,
आणि दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.
रंग वाळला, दोरी बांधली, ओढली,
तर वर चार बोटं जास्त.
हे पायरीवर बसले. दिरांनी शटर तोडायची भाषा केली.
इर्शादभाईंनी टायरची हवा सोडली,
दोन बोटं गेली.
मग समोरच्या पावडर कोटिंगमधली पाच पोरं बोलावून
आत कोंबली.
पाटे कुरकुरले, कोयरी बसली,
छपराला शटरचा एकच ओरखडा,
आणि बाहेर आलो.
पोरं मात्र उतरेनात.
कुणाला तरी आतला दिवा सापडला होता.

आरटीओचा कागद अजून आलेला नाही.
यांच्या वहीत माळशेज आहे, दिवेआगर आहे,
मैल आहेत, पेट्रोल आहे.
पहिली रात्र आम्ही गल्लीतच काढली,
गाळ्यासमोर, पारसिकच्या डोंगराकडे तोंड करून.
यांनी मागचं झाकण वर केलं, शेगडी पेटवली,
आलं ठेचलं उगाच जास्त.
मी आत शिरून पाय लांब केले. पुरले.
कानाशी दोन बोटं मोकळी.

दीड वाजता दुसरी पाळी सुटली असेल.
चपला जवळ आल्या, थांबल्या.
"काका, नवीन टपरी का?
चार कटिंग द्या."
मी श्वास धरून वाट बघितली,
आता हे समजावतील, अश्रू, थेंब, सगळं पहिल्यापासून.
प्लायच्या पलीकडे, माझ्या पायांशी,
पिशवी फाडल्याचा आवाज आला.
मग यांचा, जरा लाजलेला:
"साखर कमी चालेल ना?"