तक्रारीचा रकाना

रात्री अडीचला रिक्षा आली.
पुढच्या काचेवर 'अत्यावश्यक' लिहिलेला कागद,
चिकटपट्टी एका बाजूने सुटलेली.

मी काचेआड. काचेला मधोमध एक भोक,
तेवढ्यातून माणसं आपलं दुखणं आत सरकवायची.
नाव? कस्तुरी घरत. वय? अकरा.
पत्ता? घणसोली गाव, तळ्याच्या मागे.
ताप? नाही. खोकला? नाही.
घरात कोणी पॉझिटिव्ह?
नाही हो, बाप म्हणाला,
पोरीला श्वास येत नाही.

बोटाला चिमटा लावला. अठ्ठ्याण्णव.
त्या वर्षी अठ्ठ्याण्णव म्हणजे लॉटरी.
आत चौऱ्याऐंशीवाले खुर्चीत बसून खाटेची वाट बघत होते,
एक आजोबा लिफ्टशेजारी, जमिनीवर.
डॉक्टर प्लॅस्टिकच्या आतून ओरडला,
"नॉर्मल आहे, घरी न्या!"
चष्म्यावर वाफ. डोळे दिसले नाहीत.

"घरीच तर होते," मुलगी म्हणाली,
इतकी हळू, की भोकातून
मला एकटीलाच ऐकू आलं.

वाशीच्या या खिडकीत सतरा वर्षं केसपेपर भरतेय.
तक्रारीच्या रकान्यात मुलांचं सगळं ठरलेलं:
कुत्रा चावला, जांभळाच्या झाडावरून पडला,
नाकात शेंगदाणा, दिवाळीत भुईनळा.
गुडघ्यातली वाळू दाखवत, भोकाड पसरून यायची.
त्या वर्षी कोणी पडलंच नाही.
जून ते सप्टेंबर, एकही हात मोडला नाही.
रजिस्टर चाळताना आधी बरं वाटलं.
मग पान उलटवेना.

कारण मुलं येतच होती.
तुर्भ्याचा नऊ वर्षांचा, हात धुऊन धुऊन
बोटांची सालं निघालेली.
सेक्टर पंधराची दहावीतली. तिची आई म्हणाली, चुकून.
मी लिहिलं, चुकून.

बाप खिशातून पैसे काढत गेटकडे गेला, रिक्षावाल्याचे द्यायला.
तो पाठमोरा झाला आणि पोरीचा मास्क
फुग्यासारखा आत-बाहेर झाला.
लांबलचक श्वास. पोटभर.
तो परत फिरला, तशी पुन्हा गप्प.
गाल फुगवलेले, डोळे लाल.

"कस्तुरी," मी भोकाला तोंड लावलं, "धरून का ठेवतेस?"

"शाळेच्या व्हिडिओत सांगितलंय.
मुलांना काही होत नाही.
मुलांमुळे मोठ्यांना होतं.
बाबा रबाळ्याहून दमून येतात.
आमची खोली एकच आहे."

हे कुठल्या रकान्यात बसवायचं?
मी लिहिलं: श्वास. वडील जवळ असताना.
डॉक्टरने खोडलं, वर लिहिलं: काही नाही.
त्याचंही चुकलं म्हणवत नाही,
आजोबांना तेवढ्यात लिफ्टशेजारून उचलत होते,
घाईने नव्हे.

सकाळी सातला सुटले.
कोपरखैरण्याच्या बागेला कुलूप,
झोपाळ्याच्या साखळ्या वर गुंडाळून तारेनं आवळलेल्या.
निनादनं दार उघडलं आणि रोजच्यासारखा
चार पावलं मागे सरला, भिंतीला पाठ लावून.
त्याला मी कौतुकानं शहाणा म्हणायचे,
शेजारणींना फोनवर सांगायचे.

बादलीत कपडे टाकायचे राहून गेले.
उंबऱ्यातच बसले
आणि त्याचे गुडघे बघत राहिले.
दोन्ही गुळगुळीत.
कुठे एक खपली नव्हती.