सुजलेले पाय

म्हसवडच्या माळावर छावणी पडली त्या साली
आई दोन गाई घेऊन तिथं गेली.
वहीत नाव : राहेल शांतवन तुपे. गट सतरा.
चार बांबू, एक निळी ताडपत्री,
उशाखाली प्लास्टिकच्या पिशवीत पवित्र शास्त्र.
"पंधरा दिसाचं काम," म्हणाली.

होरेबपासून कादेश-बर्ण्यापर्यंत
वाट अकरा दिवसांचीच होती.
लहानपणी तिनंच मला नकाशावर बोट धरून दाखवली होती.

सकाळी सहाला ट्रॅक्टर.
उसाचं वाढं, जनावरामागं पंधरा किलो,
वजनकाट्यावर, सगळ्यांच्या देखत.
बिरा काळेलनं एकदा रात्रीतून
दोन पेंढ्या बारदानाखाली सारल्या.
तिसऱ्या दिवशी आत वाफ धरली, आंबूस वास,
म्हशीनं तोंड फिरवलं.
आईनं आपल्यातली एक उचलून तिच्यापुढं टाकली.
मला म्हणाली, "मान्ना साठत न्हाय, बाई.
साठतं ते भ्या."

पाणी मचूळ. मोशेनं लाकूड टाकलं होतं,
आईकडं तुरटी होती.
दिवसा धुळीची वावटळ उभी राहायची,
रात्री खांबावर हॅलोजन.
मी म्हटलं, बघ, मेघस्तंभ आणि अग्निस्तंभ.
"हॅलोजन पंचायतीचा हाय," म्हणाली,
आणि शेणाची पाटी उचलली.

अंधार पडला की चुलींपाशी कुरकुर.
वाळव्याकडची ऊसतोड आठवायची सगळ्यांना :
पाटाचं पाणी, हिरवीगार मेथी, वांगी,
कारखान्याच्या गुळमट वासाच्या रात्री.
मुकादम कुणालाच आठवायचा नाही.
त्याची शिवी, त्याची काठी,
पोटुशी असताना उचललेली मोळी.
मुकादम हा शब्द शास्त्रातही आहे. असाच.

आईही कुरकुरली. हे झाकत नाही.
धाकट्या गाईचं वासरू गेलं
त्या रात्री तिनं प्रार्थना केली नाही.
ताडपत्रीच्या भोकाकडं बघत पडून राहिली.
पहाटे उठली, आटलेल्या गाईच्या पाठीवर हात ठेवून
बराच वेळ उभी होती.
काय बोलली, कुणाशी,
मी विचारलं नाही.

मी साताऱ्याहून रविवारी एसटीनं यायचे.
चौथ्या महिन्यात तिचे पाय बघितले.
अंगठ्यानं दाबलं की खळगा पडायचा
आणि तसाच राहायचा.
घमेल्यात कोमट पाणी, मूठभर मीठ.
मला राग आला होता, म्हणून मुद्दाम बोलले :
चाळीस वर्षं चालली ती माणसं,
पाय सुजले नाहीत म्हणे त्यांचे.
लिहिलंय तुझ्या शास्त्रात.
तुझे का सुजले?

तिनं डावा पाय काढून
उजवा घमेल्यात सोडला.
"नसत्याल सुजलं," म्हणाली.
"तिथं चोळाय कोण व्हतं त्यांना?"

काटा बंद पडल्याची आरोळी आली कुठूनशी.
पाणी गार होत आलं होतं.
मी टाच धरून ठेवली.