शनिवारचा वर्ग, मुरार

अमोलिक सरांनी फळ्यावर लिहून दिलेली
सात उत्तरं मला तोंडपाठ होती.

पण निर्भय तोमरने टपरीवर
बोटं चाटत विचारलं,
"तुझा देव स्वतःलाच वाचवू शकला नाही, यार?"
आणि सातही उत्तरं
कढईतल्या बेडईसारखी फुगली, फुटली.

"वाचवायचं नव्हतंच त्याला स्वतःला,"
मी म्हणालो. "का, ते मला
कधी कळतं,
कधी आईच्या तापात, रात्री,
अजिबात कळत नाही."

निर्भयने त्याच्यातली अर्धी बेडई
माझ्या द्रोणात टाकली.
"पटलं नाही," म्हणाला,
"पण पाठ केलेलं वाटलं नाही."

शनिवारी सरांना सांगितलं.
डस्टर हातात धरून ते बराच वेळ उभे.
मग फळ्यावर आठ आकडा काढला,
पुढे काहीच नाही.
बाहीला खडू तेवढा लागला.